कामावर आजार पसरला, तर नाव सांगायचं की नाही? : गोव्यातल्या कामगारांचे आणि मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडई, वेर्णा, थिवी अशा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांमध्ये कामगार कल्याण अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षं गेली. या काळात कामगारांनी, सुपरवायझरांनी आणि मालकांनी पुन्हा पुन्हा जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. जिथे कायदा आहे तिथे कायदा सांगितला आहे. जिथे फक्त माझं मत आहे तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

शेजारच्या मशीनवरच्या माणसाला संसर्गजन्य आजार झाला आहे. त्याचं नाव कळण्याचा मला हक्क नाही का?

तुम्हाला धोका आहे का, हे कळण्याचा हक्क नक्की आहे. त्यासाठी चार गोष्टी पुरतात: आजार कोणता, तो कुठल्या विभागात आणि कुठल्या दिवसांत होता, तो कसा पसरतो आणि आता तुम्ही काय करायचं. या चारांत नाव कुठेही लागत नाही.

नाव कळलं की आपण सुरक्षित झालो असं वाटतं, आणि नेमका तिथेच घात होतो. कांजिण्यांचंच बघा. अंगावर फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग देऊ लागतो. फोड दिसले, तो घरी गेला आणि त्याचं नाव सगळ्यांना कळलं, तोवर व्हायचा तो संपर्क होऊन गेलेला असतो. मग लोक त्याच्या रिकाम्या खुर्चीपासून लांब राहतात आणि ज्याला त्याच्याकडून लागण झाली तो मात्र कॅन्टीनमध्ये शेजारी बसून जेवत असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्यावर बंधन घालायचं तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन गरजेपुरतंच हवं. तो निकाल मुख्यतः सरकारच्या वागण्याविषयी आहे. तरी कारखान्याच्या ऑफिसातही मी हीच मोजपट्टी वापरत आले: हे काम नाव न सांगता होतं का? होत असेल, तर नाव सांगायचं नाही.

मग नाव न घेता सूचना लिहायची कशी?

कांजिण्यांची सूचना मी अशी लावायचे:

"पॅकिंग विभागातल्या एका सहकाऱ्याला कांजिण्या झाल्या आहेत. या महिन्याच्या ३ ते ५ तारखेला दुसऱ्या पाळीत या विभागात काम केलेल्या सर्वांनी पुढचे २१ दिवस ताप किंवा अंगावर फोड येतात का, याकडे लक्ष ठेवावं. आल्यास कामावर न येता फोन करावा, त्या दिवसांची पगारी रजा मिळेल. ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, ज्या गरोदर आहेत, किंवा ज्यांना प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, त्यांनी आजच डॉक्टरांना विचारावं. आजारी सहकारी कोण, याची चौकशी कोणी करू नये."

यातलं पगारी रजेचं वाक्य गाळू नका. ज्याचं हातावर पोट आहे, तो खाडा पडेल या भीतीने ताप अंगावर काढून येतो. कंत्राटी कामगारांनाही ही रजा द्या. संसर्ग कायम आणि कंत्राटी असा भेद करत नाही.

आणि ही सूचना सगळ्यांसाठी लावा. "ती गरोदर आहे ना, तिला वेगळं बोलावून सांगूया" असं एका सुपरवायझरने सुचवलं होतं. हेतू चांगला होता, पण तिने अजून कोणालाच सांगितलं नसेल तर? तीही तिची खासगी गोष्ट आहे.

आम्ही मिळून पाच माणसं. नाव न सांगताही सगळ्यांना कळणारच.

खरं आहे. फार्मसी, छोटं गॅरेज, पंचायतीतलं ऑफिस, इथे कोण रजेवर आहे ते दिसतंच. त्यात गोव्यात कामावरचा माणूस बहुधा वाड्यावरचाही असतो, त्याची मावशी तुमच्या घराजवळ राहत असते. अशा वेळी आधी त्या माणसालाच फोन करा आणि विचारा: "लोकांना काय सांगू?" बरेच जण म्हणतात, सांगा माझं नाव, काही हरकत नाही. काही जण म्हणतात, ताप आहे एवढंच सांगा. दोन्ही चालतं, पण शब्द त्याचे हवेत. लोकांनी अंदाज बांधला, तरी मालकाने त्याला दुजोरा द्यायचा नाही.

मला टीबी झाला आहे. मालकाला सांगावंच लागेल का?

या प्रश्नावर मी जरा लांब उत्तर देणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं मी इथेच खचताना पाहिली.

डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषध दुकानं यांनी टीबीचा रुग्ण आरोग्य खात्याला कळवणं बंधनकारक आहे. २०१२ मध्ये हा आजार अधिसूचित झाला आणि मार्च २०१८ मध्ये न कळवणाऱ्यांसाठी शिक्षेची तरतूद झाली. ही नोंद सरकारच्या नि-क्षय प्रणालीत जाते, कंपनीकडे नाही. मालकाला रोगाचं नाव कळवण्याची जबाबदारी डॉक्टरांवर नाही, उलट तुमच्या संमतीशिवाय ते सांगणं त्यांच्या व्यावसायिक नीतीत बसत नाही.

तरीही एका माणसाला सांगावं, असं माझं मत आहे: कंपनीचे डॉक्टर, नर्स किंवा ज्याच्यावर तुमचा विश्वास बसेल असा एखादा अधिकारी. कारण दोन. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, त्यामुळे बंद खोलीत रोज तासन्‌तास तुमच्याबरोबर काम करणाऱ्यांची तपासणी व्हायला हवी. शिवाय तुम्हाला सुरुवातीला रजा लागेल आणि उपचार निदान सहा महिने चालतील. औषधं नेमाने घेतली आणि ती लागू पडत असतील, तर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग देण्याची शक्यता खूप कमी होते. कामावर कधी जायचं ते डॉक्टर ठरवतील. हाडाचा किंवा गाठींचा टीबी असेल, तर त्यातून सहसा दुसऱ्याला लागण होतच नाही. आणि टीबी ताट-वाटीतून पसरत नाही, हे कॅन्टीनवाल्याला एकदा नीट सांगा.

एका कारखान्यात पंचविशीतल्या एका मुलाला टीबी झाला. सुपरवायझरने त्याचं नाव शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांनी काळजी घ्या" असं लिहून. मुलगा दोन महिन्यांनी ठणठणीत होऊन परतला, तर जेवणाच्या टेबलावर त्याच्याजवळ कोणी बसेना. त्याने चवथीच्या आधी नोकरी सोडली. पुढची गोष्ट मला अजून सलते. त्याच विभागातला दुसरा एक कामगार त्या सगळ्या काळात खोकत होता. पहिल्याचं जे झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तो तपासायला गेलाच नाही. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या घरातल्या लहान मुलीलाही लागण झाली होती. काळजी घ्या म्हणून टाकलेल्या त्या एका संदेशाची ही किंमत होती.

उपचार चालू असताना पगाराचं काय?

ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल (सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन), तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. टीबीसारख्या दीर्घ आजारांत, ठरावीक काळ नोकरी आणि वर्गणी झालेली असेल तर, पुढे ८० टक्के दराने वाढीव लाभ आहे. हा लाभ घेत असताना कामगाराला आजारपणासाठी काढून टाकता येत नाही. टीबीच्या रुग्णाला सकस आहारासाठी सरकारकडून दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. ते थेट बँक खात्यात येतात आणि त्यांचा कंपनीशी संबंध नाही.

एचआयव्ही असलेल्या सहकाऱ्याबद्दल इतरांना सांगायला नको का?

नको. इथे माझं मत आणि कायदा दोन्ही एकाच बाजूला आहेत.

गोव्याने या प्रश्नाची किंमत फार आधी मोजली आहे. डॉमिनिक डिसोझा नेमाने रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि १९८९ मध्ये त्याला पोलिसांकरवी नेऊन म्हापशातल्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकटं ठेवलं गेलं. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने त्याची सुटका केली, पण तरतूद कायम राखली. त्याची नोकरीही गेली. पुढे त्याने अशा रुग्णांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो वारला. त्याला कोंडल्याने गोव्यात एकही लागण टळली नाही, कारण हा विषाणू शेजारी बसण्यातून, एकत्र जेवण्यातून, एकच संडास वापरण्यातून पसरतच नाही.

१९९७ मध्ये याच उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर निव्वळ एचआयव्हीच्या कारणावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. आता तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. विश्वासाने कळलेली माहिती त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय पुढे सांगता येत नाही. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या बाबतीत २० किंवा जास्त, तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याशिवाय राज्य सरकारने लोकपाल नेमायचा असतो, त्याच्याकडेही तक्रार करता येते.

नोकरी देण्याआधी एचआयव्ही चाचणी मागितली. करावी का?

नोकरीची अट म्हणून ही चाचणी मागणं त्याच कायद्याने बंद केलं आहे. जहाजावर किंवा आखातात जाणाऱ्या आपल्या माणसांना परदेशी नियमांनुसार वेगळ्या तपासण्या लागू शकतात, तो विषय इथे घेतलेला नाही.

हॉटेलात, शॅकवर, कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्यांचं काय? तिथेही गुप्तता?

तिथे कामगाराच्या आजाराची काही माहिती मालकाला कळते, आणि ती कळायलाच हवी. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून तिची नोंद ठेवावी लागते. टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांविरुद्धची लसही त्यात येते. कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, घसा दुखून ताप, त्वचेवर पू झालेली जखम, कान-डोळे-नाकातून स्राव यांपैकी काही असेल, तर कामगाराने ते सांगायचं आणि मालकाने त्याला अन्नापासून दूर ठेवायचं. इथे "माझी खासगी गोष्ट" म्हणून गप्प बसता येत नाही. काविळीचा विषाणू हातातून सॅलडमध्ये जातो आणि तिथून टेबलावरच्या अनोळखी माणसाच्या पोटात.

पण कोणाला सांगायचं? मालकाला किंवा व्यवस्थापकाला. वेटरांना, गिऱ्हाइकांना, शेजारच्या शॅकवाल्याला नाही. तपासणीचे कागद अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला दाखवण्यासाठी असतात, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवू नका. एका जागी मी सगळ्यांचे रक्ताचे रिपोर्ट फ्रीजवर लावलेले पाहिले आहेत.

आणि मोसमात माणसं कमी पडतात म्हणून जुलाब होणाऱ्या आचाऱ्याला "फक्त आजचा दिवस काढ" म्हणणाऱ्या मालकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: त्याला घरी पाठवा आणि त्या दिवसाचे पैसे द्या. पुढच्या वेळी तो आपणहून सांगेल.

बांधकामावरच्या मजुराला मलेरिया झाला. त्याला गावी पाठवावं का?

नाही. मलेरिया माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, मध्ये डास लागतो. तो डास तुमच्याच साइटवरच्या उघड्या टाकीत, लिफ्टच्या खड्ड्यात, क्युअरिंगच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याला पाठवून दिलंत आणि टाकी तशीच राहिली, तर पुढच्या महिन्यात दुसरा आजारी पडेल. आणि गोळ्या प्रवासात अर्ध्यावर सुटल्या, तर याचा ताप परत येऊ शकतो. मच्छरदाणी द्या, औषध पूर्ण होऊ द्या, पाणी उपसा. मजुरांचं रक्त तपासून आरोग्य कार्ड काढून घेणं ही गोव्यात कंत्राटदाराची जबाबदारी आहे. ते कार्ड उपचारासाठी आहे, माणूस हाकलण्यासाठी नाही.

डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि सत्तरी तालुक्यातला माकडताप यांनाही हेच लागू. या आजारांत कोण आजारी पडला यापेक्षा तो कुठे काम करत होता हे शंभरपट मोलाचं असतं. २०१५ पासून सत्तरीत काजूच्या बागायतींत काम करणाऱ्यांना माकडताप होऊ लागला. हा आजार गोचिडीतून येतो. तेव्हा बागायतीचं नाव, तिथे माकडं मेलेली दिसली का, ही माहिती वाळपईच्या आरोग्य केंद्राला तातडीने हवी असते आणि तिथल्या इतर कामगारांनाही. रुग्णाचं नाव गावभर करून गोचीड मरत नाही. लेप्टोत उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी आणि चिखल बघा, गमबूट द्या.

आरोग्य अधिकाऱ्यांनी संपर्कात आलेल्यांची यादी मागितली. द्यायची का?

द्यायची, आणि लगेच. साथ रोखण्यासाठी अधिकृत यंत्रणेला दिलेली माहिती म्हणजे बभ्रा नव्हे. फक्त यादी त्यांच्याच हाती जाईल हे पाहा, कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून फिरत जाणार नाही. कोविडच्या काळात, वास्कोतल्या मांगोरहिलपासून पुढे, किती याद्या नावा-पत्त्यांसकट मोबाइलवरून फिरल्या ते आपण पाहिलं आहे. घरांवर पोस्टर लावण्याबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा कायद्यानुसार आदेश नसेल तर ते लावता येणार नाही.

रजेच्या दाखल्यावर आजाराचं नाव हवंच का?

बऱ्याच छापील नमुन्यांत ती जागा असते. पण कंपनीला खरोखर दोनच गोष्टी हव्या असतात: किती दिवस विश्रांती आणि परत येताना कामासाठी तंदुरुस्ती. कामात काही बदल लागणार असेल (वजन उचलू नये, रात्रपाळी नको), तर तेवढं लिहून घ्या. डॉक्टरांना तसं सांगा, बरेच जण ऐकतात. नाव लिहिलेला दाखला द्यावाच लागला, तर बंद पाकिटात, नाव घालून एकाच व्यक्तीला द्या. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तो टाचून ठेवू नका.

ही कागदपत्रं कंपनीने कशी ठेवावीत?

पगाराच्या फाइलपासून वेगळी, कुलपात, चावी एकाकडे. कॉम्प्युटरवर असतील तर सगळ्यांना उघडणाऱ्या फोल्डरमध्ये नकोत. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. साथीच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवेसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. ती मुभा साथीपुरतीच आहे. काम संपलं की कागद नष्ट करा.

इस्पितळात काम करते. वापरलेली सुई टोचली. रुग्णाचा रिपोर्ट बघू का?

आधी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. जखम दाबून रक्त काढत बसू नका. लगेच वरिष्ठांना कळवा. एचआयव्ही रोखणारं औषध शक्य तर दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हायला हवं आणि ते २८ दिवस चालतं. ते रिपोर्टसाठी अडवून धरायचं नसतं. रुग्णाची चाचणी त्याच्या संमतीने होईल, त्याची फाइल तुम्ही चोरून उघडण्याची गरज नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झालेत का ते सांगा. आणि तुमचा स्वतःचा रिपोर्टही तितकाच गोपनीय आहे, वॉर्डात त्याची चर्चा होता कामा नये.

ग्रुपवर माझं नाव आधीच आलं आहे. आता काय?

स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसह. ज्याने टाकलं त्याच्या वरिष्ठांना लेखी कळवा आणि संदेश काढायला सांगा. एचआयव्हीचा विषय असेल तर तक्रार अधिकारी, नंतर लोकपाल. हेल्पलाइन १०९७ वर फोन करून सल्लाही मिळतो. मालकांनो, तुमच्याकडे अशी तक्रार आली तर "त्याचा हेतू वाईट नव्हता" एवढ्यावर थांबू नका. संदेश काढायला लावा आणि सगळ्यांसमोर सांगा की इथे हे चालणार नाही.

मी आजार लपवला आणि दुसऱ्याला लागला, तर गुन्हा होतो का?

होऊ शकतो. जिवाला धोका असलेला संसर्ग निष्काळजीपणे पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली येतं, आणि मुद्दाम पसरवणं कलम २७२ खाली. पण मी आजवर ज्यांना आजार लपवताना पाहिलं ते सगळे घाबरलेले होते. कोणाचं वाईट करावं असं त्यांच्या मनात नव्हतं.

तीन आठवडे खोकला आहे. कंपनीत कळलं तर काय, म्हणून गेलो नाही.

उद्या सकाळी जा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासून मिळते, पैसे पडत नाहीत. औषधंही मोफत असतात. केंद्र तुमच्या कंपनीला फोन करत नाही. गावच्या केंद्रात ओळखीचं कोणी भेटेल असं वाटत असेल, तर दुसऱ्या गावच्या केंद्रात जा, म्हापशात किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर टीबीची हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६. थुंकी सकाळची, खोल खोकून काढलेली हवी असते, डबी तिथेच मिळते. पहिली पाळी असेल तर अर्ध्या दिवसाची रजा टाका. कारण काय लिहू म्हणाल, तर "वैयक्तिक काम" एवढं लिहा.